पट्ट्याचा वळ आणि पोटातली जखम

मागच्या वेळी आपण अनुमानाबद्दल बोललो. डोंगरावर धूर दिसला, म्हणजे तिथं आग आहे. आज हेच अनुमान मोटारीत नेऊन बघू.

समजा, अपघात झाला. पट्टा लावला होता म्हणून माणूस वाचला. चालतोय, बोलतोय. पोटावर मात्र आडवा निळसर वळ उठलाय. "काही नाही हो, पट्टा लागला जरा," असं तो म्हणतो. इथं आपण थांबायला हवं. डॉक्टर या वळाला 'सीटबेल्ट साइन' म्हणतात. आम्हा न्यायशास्त्रवाल्यांच्या भाषेत हे लिंग झालं. धूर कातडीवर, आग आत.

आत होतं काय? कमरेचा पट्टा ओटीपोटाखाली, कमरेच्या हाडांवर बसायला हवा. तो वर पोटावर सरकलेला असेल, तर धक्क्याच्या क्षणी आतडी पट्टा आणि मणके यांच्यात चेंगरतात. आतड्याला भोक पडतं, नाहीतर त्याला रक्त पुरवणारा पडदा फाटतो. शरीर पट्ट्यावरून पुढे दुमडतं आणि कमरेचा मणका मागून ताणला जाऊन आडवा उकलतो. याला 'चान्स फ्रॅक्चर' म्हणतात. यात योगायोगाचा काही संबंध नाही बरं का. 1948 मध्ये हा अस्थिभंग वर्णन करणाऱ्या ब्रिटिश डॉक्टरांचं आडनावच चान्स.

1959 मध्ये व्होल्वोच्या नील्स बोलिन यांनी खांद्यावरूनही जाणारा पट्टा आणला, त्यानं हे दुमडणं पुष्कळ कमी झालं. पण जुन्या गाड्यांत मागच्या मधल्या जागेवर अजून नुसता कमरपट्टाच असतो, आणि तिथं आपण बसवतो कुणाला? घरातल्या मुलाला! मुलांची कमरेची हाडं पुरती वाढलेली नसतात, पट्टा सहज पोटावर चढतो. म्हणून त्यांना बूस्टर सीट लागते.

मग पट्टाच नको, असं कुणी म्हणेल. हा तर्क टिकत नाही. पट्टा नसता, तर तोच माणूस काचेवर आदळला असता.

आता आपल्या अनुमानातली खोच. वळ आहे तिथं जखम असतेच असं नाही. वळ नाही म्हणून जखम नाही, असंही नाही. म्हणजे धूर-आगीसारखी पक्की व्याप्ती इथं नाही. तरी वळ दिसला की शंका बळावते, आणि फाटलेलं आतडं कधीकधी काही तासांनीच बोलू लागतं. पहिला स्कॅनही स्वच्छ येऊ शकतो. म्हणून डॉक्टर "थांबा, लक्ष ठेवू" म्हणाले, तर घरी जायची घाई करू नये. पाठ दुखत असेल तर तेही आवर्जून सांगावं, कारण पोटाची आणि मणक्याची जखम पुष्कळदा जोडीनं येते.