‘जरी’ला ‘तरी’ हवंच, ‘ऑल्दो’ला ‘बट’ नको!

सांगा बरं, यात काय चुकलं? ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट टू लोणार.’ काहीच खटकलं नाही ना? मलाही नव्हतं खटकलं. इंटर्नशिपच्या अर्जात मी असंच वाक्य लिहिलं आणि त्यावर लाल गोल मिळवला!

सवय मराठीची आहे. आपल्याकडे ‘जरी’ आलं की मागोमाग ‘तरी’ येतंच: जरी पाऊस होता, तरी आम्ही लोणारला गेलो. इंग्रजीत दोन वाक्यं जोडायला एकच शब्द पुरतो. ‘ऑल्दो’ ठेवा किंवा ‘बट’ ठेवा. ‘बिकॉज’ आणि ‘सो’चंही तेच.

दुसरी गंमत ‘अनटिल’ची. ‘मी येत नाही तोपर्यंत थांब’ हे डोक्यात असतं, म्हणून तोंडातून निघतं ‘वेट अनटिल आय डोन्ट कम’. तिथे ‘नाही’ नकोच: ‘वेट अनटिल आय कम’.

के-ड्रामावाल्यांनो, ‘ऑल्दो-बट’मध्ये कोरियन मुलंही अडकतात. त्यांचं ‘पण’, म्हणजे ‘जिमान’, क्रियापदाच्या शेपटीलाच चिकटतं!

तेव्हा बुलडाण्यात बसून बँकेचा पेपर सोडवा किंवा मुलाखतीची तयारी करा, लिहून झालं की जोडशब्द मोजा. दोन वाक्यं, एक जोड. बस्स!