काट्यावर न गेलेल्या सायकली

वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये प्रत्येक वस्तू आधी काट्यावर जाते, मग तिचा भाव बोलला जातो. कांदा, बटाटा, लवंग, वेलची, कुणाचीच सुटका नाही. 1981 साली मुंबईचा कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार खाडीपलीकडे इथे आला, 1996 साली भाजी आणि फळं आली, आणि बाजाराबरोबर सायकलीही आल्या. मेहताजींच्या, माथाडींच्या, चहावाल्यांच्या. हँडलला किटली लटकवून गाळ्यागाळ्यांतून फिरणारा चहावाला आजही दिसतो. पण त्यातली एखादी सायकल थकली की ती भंगारवाल्याकडे जाते, आणि तिथेही काटाच असतो. जुनी काळी सायकल साधारण वीस किलो भरते. तिच्यावर रॅले लिहिलंय की हर्क्युलिस, ती कुणी किती वर्षं दामटली, हे काट्याला वाचता येत नाही.

श्रोतेहो, ही सायकल काट्यावर जाण्याआधी उचलून घरी आणणारी काही माणसं आहेत. लोक त्यांना वेडे म्हणतात. मीही त्यातला एक, फार लहानसा. माझ्याकडे पाचच सायकली आहेत. त्यातली एक अब्बांची, म्हणजे ती मी जमवली असं म्हणता येणार नाही.

या छंदात शिरणारा नवखा माणूस आधी विलायती नावांच्या मागे लागतो. ते साहजिक आहे. नॉटिंगहॅमची रॅले 1887 ची, बर्मिंगहॅमची हर्क्युलिस 1910 ची. बीएसए तर मूळची बंदुका बनवणारी कंपनी, म्हणून तिच्या बिल्ल्यावर एकमेकींना टेकलेल्या तीन बंदुका. पण आपल्या वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता, तोही स्वातंत्र्याच्या आधीपासून, हे किती जणांना आठवतं? पुढे मद्रासला टीआय, सोनीपतला अ‍ॅटलस, आसनसोलला सेन-रॅले, लुधियानाला हीरो असे कारखाने उभे राहिले. हिंद आणि सेन-रॅले या दोन्ही कंपन्यांचं 1980 साली खास कायदा करून राष्ट्रीयीकरण झालं, तरी त्या जगल्या नाहीत. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला तो 3 जून 2020 रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी. माझं मत विचाराल तर चकचकीत रॅलेपेक्षा गंजलेली हिंद घरात आणणं जास्त मोलाचं आहे. रॅले सांभाळणारे जगभर आहेत. वरळीची सायकल आपण नाही सांभाळली तर कोण सांभाळणार?

आता सायकलची ओळख कशी पटवायची? पुढच्या बिल्ल्यावर विश्वास ठेवू नये, तो चार स्क्रूंनी बदलता येतो. पायडलपाशी असलेलं दातेरी चाक पाहावं. रॅलेच्या त्या चाकात बगळ्यांची डोकी कापलेली असतात, हर्क्युलिसच्या चाकात कंपनीचं नावच कोरलेलं असतं. मागच्या चाकात स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब असेल तर नशीब समजा, कारण त्याच्या कवचावर सालाचे आकडे ठोकलेले असतात. 52 असेल तर हब 1952 चा. मात्र हे वय हबचं झालं, सायकलचं नव्हे. आपल्याकडची सायकल दहा मिस्त्रींच्या हातून गेलेली असते. चिमटा एका कंपनीचा, हँडल दुसऱ्या, सीट तिसऱ्याच. शुद्ध मालाचा आग्रह धरणारे संग्राहक अशा सायकलीकडे पाहून नाक मुरडतात. मला ती जास्त खरी वाटते.

इतकी वर्षं ही सायकल टिकते कशी, याचं उत्तर पोलादात आहे. तिच्या नळ्या सांध्यांच्या खोबणीत बसवून पितळेने झाळलेल्या असतात. सांधा सुटला तर पुन्हा झाळता येतो, चिमटा वाकला तर सरळ करता येतो. पोलाद मोडण्याआधी वाकतं, म्हणजे आधी बजावतं. ब्रेकसुद्धा तारेचे नाहीत, दांड्यांचे. पाना, हातोडी आणि थोडी अक्कल एवढ्यावर सगळं उलगडतं. वैरी एकच, गंज, आणि तो आतून येतो. आमच्या खाडीकाठच्या दमट हवेत तर फारच. म्हणून जुनी सायकल घेताना रंग पाहू नये. सीटचा दांडा वर ओढून पाहावा. तो नळीत घट्ट चिकटून बसला असेल तर आत गंजाने संसार मांडलेला आहे असं समजावं. मग सायकल उलटी करून पायडलच्या धुरीखालचा भाग पाहावा, पाणी तिथे साठतं.

आणि घरी आणल्यावर? इथे मी अनेकांशी भांडतो. लोक आधी रंग खरवडतात, नवा भट्टीचा रंग चढवतात, सायकल लग्नातल्या घोड्यासारखी सजते. पण जुन्या काळ्या नळीवरच्या बारीक सोनेरी रेघा गेल्या त्या गेल्या. चेनकव्हरवर मालकाने रंगवून घेतलेलं नाव, गाळ्याचा नंबर गेला. मडगार्डला लावलेला नगरपालिकेचा कराचा पितळी बिल्ला भंगारात गेला. मशीन उरलं, माणूस पुसला गेला. मी छर्रे बदलतो, चाकाचा आउट काढून घेतो, तेलाच्या फडक्याने गंज उतरवतो आणि थांबतो.

हे काम केवढं वाढू शकतं ते पाहायचं तर घाट चढून पुण्याला जावं. कर्वेनगरच्या सहवास सोसायटीत विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे. 2017 साली ते लोकांसाठी उघडलं. दीडशेच्या वर सायकली, शिवाय जुने दिवे, पंप, घरगुती वस्तू. बीएसएची पॅराट्रूपर सायकल तिथे आहे. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांबरोबर विमानातून खाली टाकण्यासाठी ती बनवली होती. चौकटीत दोन बिजागऱ्या, त्यावर हाताने फिरवायच्या चाव्या. चाव्या सैल केल्या की सायकल मधोमध दुमडते. ज्या पुण्यात एकेकाळी सकाळी रस्ताभर सायकलीच असायच्या, तिथे हे एका माणसाने उभं करावं, कुठल्या सरकारी खात्याने नव्हे, यात अभिमान आहे तशी खंतही.

परदेशात वाटून घेण्याच्या तऱ्हा निराळ्या. इंग्लंडमध्ये 1955 पासून जुन्या सायकलींचा एक क्लब आहे, एकेका कंपनीचे जाणकार सभासदांना सायकलचं वय ठरवून देतात. इटलीत टस्कनीच्या कच्च्या रस्त्यांवर 1997 पासून लेरोइका नावाची सफर निघते, तिच्यात 1987 च्या आधीच्या घडणीच्याच रेसिंग सायकली चालतात. म्हणजे तिथे संग्रह घाम गाळतो. माझ्या पाच सायकलीही मी कुलपात ठेवत नाही. रविवारी शेजारची पोरं नेतात. दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारणं त्यांना जमत नाही, दोन-चारदा आपटतात. सायकलला काही होत नाही.

एक गोष्ट मात्र मी करत नाही. जी सायकल कुणाचं पोट भरते आहे तिला किंमत लावत नाही. काही हौशी लोक बाजारात येऊन चहावाल्याला नवी सायकल आणि वर पैसे देऊ करतात. सौदा कायदेशीर आहे, तरी मला तो रुचत नाही. आमच्या गल्लीतल्या साताऱ्याच्या एका चहावाल्याकडे अशीच जुनी रॅले आहे. असा एक गिऱ्हाईक येऊन गेल्यावर मी त्याला विचारलं, "का नाही दिलीस?"

"चाचा, नवीवर दोन किटल्या लटकवल्या की हँडल खेळतं. हिच्यावर चहा सांडत नाही. तुम्हाला हिला बघायचंच असेल तर रोज चारला येतोच की मी."

माझ्याकडे एक वही आहे. एका सायकलीला एक पान. चौकटीचा नंबर, कुणी घेतली, काय वाहिलं, कोणत्या मिस्त्रीने काय बदललं. पाच पानं माझ्या सायकलींची. सहावं या रॅलेचं. आणखी अकरा पानं भरली आहेत, त्यातली एकही सायकल माझी नाही. मागच्या आठवड्यात चहावाल्याने वही मागून घेतली, स्वतःचं पान वाचलं आणि एक चूक दाखवली. मागचं चाक वडिलांनी बदललं असं मी लिहिलं होतं. ते आजोबांनी बदललं होतं, तेही कोरेगावच्या बाजारात.