बारावीचे अर्थशास्त्र आणि दुकानाचा गल्ला

संध्याकाळी दुकान सांभाळून बारावीच्या अर्थशास्त्राची तयारी करणाऱ्या मुलांनी गल्ल्याकडे नीट पाहावे; निम्मा अभ्यास तिथेच आहे. रमजानमध्ये खजुराचा भाव न उतरताही खप वाढतो. ही मागणीतील वृद्धी. मागणी वक्र उजवीकडे सरकतो. भाव उतरल्यामुळे खप वाढला, तर तो मागणीचा विस्तार. वक्र तोच राहतो. या दोहोंत गल्लत करून हुशार मुलेही गुण घालवतात.

लवचिकतेचेही तसेच. आल्फ्रेड मार्शल यांच्या १८९० च्या ग्रंथातील ही कल्पना आपला प्रत्येक दुकानदार रोज वापरतो. ५० रुपयांची वस्तू ६० ला केली, म्हणजे वाढ २० टक्के. खप १०० नगांवरून ७० वर आला, म्हणजे घट ३० टक्के. ऋण चिन्ह सोडून लवचिकता दीड. विक्री मात्र ५,००० वरून ४,२०० रुपयांवर. भाव वाढवून गल्ला हलका झाला! मीठ महागले तरी लोक घेतातच. तिथे मागणी कमी लवचीक.

आकृतीत उभ्या अक्षावर किंमत, आडव्या अक्षावर मागणी लिहायला विसरू नका. आणि दुकानदार पालकांनो, परीक्षेच्या महिन्यात मुलाला गल्ल्यावरून लवकर उठू द्या.