पाण्यावरचा पतंग

संक्रांतीच्या सुमारास गच्चीवर चढून पतंग उडविला नाहीं, असा पुणेकर विरळाच. मांजा बोटांत रुतावा, वाऱ्याच्या एका झोतासरशी पतंग हातांतून निसटूं पाहावा, आणि मागून वडील माणसानें ओरडावें, "अरे, ढील दे, ढील!" आज ज्या खेळाविषयीं मी बोलणार आहें, त्याचें सारें मर्म या एका शब्दांत आहे.

या खेळास काइटबोर्डिंग म्हणतात; आपण त्यास पतंगफळीचा खेळ म्हणूं. खेळाडूच्या पायांखालीं फळी, कमरेस रुंद पट्टा, आणि वीस-पंचवीस मीटर लांबीच्या दोऱ्यांच्या टोकास कापडाचा प्रचंड पतंग. हा पतंग त्यास लाटांवरून ओढीत नेतो. पाण्यांत पडला तरी पुन्हां उडवितां यावा, म्हणून पतंगाच्या कडेंत हवा भरलेली असते. ही युक्ति फ्रान्समधील लगेन्यू बंधूंची. तिचें पेटंट त्यांनीं १९८४ सालीं घेतलें. पुढें २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें या खेळास प्रथमच स्थान मिळालें, आणि त्याच्या शर्यती मार्सेयच्या समुद्रांत झाल्या.

पुण्यास समुद्र नाहीं, आणि डोंगरांच्या कुशींतील धरणांवर वारा तुटक वाहतो. म्हणून पुणेरी तरुणास हा खेळ शिकण्यासाठीं किनारा गांठावा लागतो. गोव्यांत पेडणें तालुक्यांत, शापोरा नदीच्या मुखापाशीं असलेलें मोरजी हें त्यांपैकीं एक प्रसिद्ध ठिकाण. तेथें जाण्यापूर्वीं तो घरीं विचारतो, "मला पोहतां येतें, पतंगहि उडवितां येतो, मग शिक्षकावर पैसे कां खर्चावे?"

याचें उत्तर वाऱ्याच्या स्वभावांत आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर त्याचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. शिवाय पतंग आकाशांत कोठें आहे, यावरहि ओढ अवलंबून असते. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा आणि समोर घड्याळाची तबकडी आहे असें समजा. पतंग बाराच्या आंकड्यावर, म्हणजे थेट डोक्यावर, असतां ओढ सौम्य असते. तोच समोर खालीं गोता खाऊं लागला, कीं माणसास उचलून फेंकण्याइतकी ती वाढते.

आतां खरी गोम ऐका. पतंग ज्या दांड्यानें चालवितात, तो आपल्याकडे ओढला कीं जोर वाढतो, आणि दूर सोडला कीं ओसरतो. भ्यालेला मनुष्य काय करतो? हातीं असेल तें घट्ट धरून छातीशीं ओढतो. म्हणजे ज्या क्षणीं जोर कमी व्हावा, त्याच क्षणीं तो स्वतःच वाढवितो! उपजत बुद्धि येथें वैरीण होते. हें पुस्तक वाचून कळतें, पण हातांस वळत नाहीं. कमरेइतक्या पाण्यांत शेजारीं उभें राहून "सोड!" म्हणणारा कोणी तरी लागतो.

म्हणून शिक्षणाचा क्रम ठरलेला आहे. प्रथम वाळूवर लहान पतंग. मग पट्ट्यावरील कळ दाबून पतंग निर्जीव करण्याचा सराव. नंतर फळीवांचून पाण्यांतून ओढलें जाणें. मग दोऱ्या गुंडाळीत पतंगापर्यंत पोहोंचून त्याच्याच आधारें किनाऱ्यास परतणें. आणि फळी सर्वांच्या शेवटीं. या साऱ्यास सामान्यतः दहाबारा तास लागतात.

वाऱ्याची दिशा पाहणें हेंहि गुरूचेंच काम. जमिनीवरून वाहणारा मतलई वारा नवशिक्यास खोल समुद्रांत नेतो. सरळ किनाऱ्यावर येणारा वारा झाडांवर वा होड्यांवर आपटतो. समुद्रावरून तिरका येणारा दुपारचा खारा वारा तोच योग्य.

पालकांनीं चार गोष्टी विचाराव्या. शिक्षकापाशीं आंतरराष्ट्रीय काइटबोर्डिंग संघटनेसारख्या संस्थेचें प्रमाणपत्र आहे काय? एका वेळीं तो किती शिष्य घेतो? शिरस्त्राण आणि तरंगतें जाकीट देतो काय? मदतीची होडी जवळ असते काय? आणि पहिल्याच दिवशीं जो फळी हातांत देतो, त्यास दुरूनच नमस्कार करावा. जो आधीं सोडावयास शिकवितो, त्याच्याच हातीं आपला मुलगा किंवा मुलगी सोंपवावी. गच्चीवरच्या वडील माणसानें "ढील दे" म्हणून आपलीं बोटें वांचविलीं होतीं. येथें प्रश्न जिवाचा आहे.