आधी साल बघा!

दोस्तांनो, शाळेच्या ग्रंथालयात नवाकोरा संदर्भग्रंथ हाती आला, की थेट हवं ते पान काढता ना? जरा थांबा! आधी सुरुवातीला छापलेलं प्रकाशनाचं साल बघा. २००६ पूर्वीच्या ग्रंथात सूर्यमालेत नऊ ग्रह सापडतील. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने प्लूटोला बटुग्रह ठरवलं नि उरले आठ! जुनं पान तसंच प्रकल्पाच्या वहीत उतरवलं, तर चूकही उतरेल. मग जुने ग्रंथ रद्दीत घालायचे? छे! आजीच्या तोंडचा एखादा शब्द अडला, तर मोल्सवर्थचा १८५७ सालचा मराठी-इंग्रजी कोश आजही मदतीला येतो. तेव्हा नवं-जुनं ताडून पाहा आणि वहीत ग्रंथाचं नाव नि साल जरूर लिहा!