टेलरचे सहा पौंड

जानेवारी २०२२ मध्ये इंग्लिश फुटबॉलच्या वरच्या दोन श्रेणींतल्या पाच क्लबांना प्रेक्षकांना उभं राहून सामना पाहू द्यायची परवानगी मिळाली. चेल्सी, टॉटनम, मँचेस्टरचे दोन्ही क्लब आणि कार्डिफ. त्याच वर्षीच्या नव्या हंगामापासून, अटी पाळणाऱ्या इतरांनाही ती खुली झाली. जवळजवळ तीन दशकांची बंदी उठली म्हणून पाठीराख्यांना आनंद झाला आणि तो रास्तच होता. पण तीन वर्षंही झाली नाहीत तोच, नोव्हेंबर २०२४ मध्ये, त्या पाचांतल्याच मँचेस्टर युनायटेडने ऐन हंगामात उरलेली सदस्यांची तिकिटं सरसकट ६६ पौंडांवर नेली आणि लहान मुलांची व पेन्शनरांची सवलत काढून टाकली. उभं राहायचं तर खुशाल राहा, फक्त ६६ पौंड मोजा. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की गेल्या पस्तीस वर्षांचा हिशेब लागायला लागतो. इंग्लिश मैदानांचा आवाज बसला तो खुर्च्यांमुळे कमी आणि तिकिटाच्या दरामुळे जास्त. खुर्ची हे निमित्त होतं, आणि क्लबांना ते फार सोयीचं पडलं.

१९८९ च्या आधीच्या चाळीस वर्षांवर फार वेळ घालवण्यासारखं नाही. बोल्टनला १९४६ मध्ये ३३ माणसं चिरडून मेली, ग्लासगोच्या आयब्रॉक्सवर १९७१ मध्ये जिन्यावर ६६, ब्रॅडफर्डच्या आगीत १९८५ मध्ये ५६. दर वेळी चौकशी बसली, अहवाल आला, थोडी डागडुजी झाली आणि बहुतेक क्लब पुन्हा त्याच जुन्या पायऱ्यांवर माणसं कोंबत राहिले. गेटवर येणाऱ्या पैशात वाटेकरी नको होता, आणि दुरुस्ती हा वाटेकरीच.

१५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर नेमकं काय घडलं, हे मात्र जवळून पाहायला हवं, कारण पुढचं सगळं राजकारण त्याच्या सोयीस्कर विस्मरणावर उभं आहे. लेपिंग्ज लेनच्या बाजूला उभ्याची तिकिटं असलेले सुमारे दहा हजार लिव्हरपूल समर्थक होते आणि त्यांच्यासाठी एकेक माणूस आत सोडणारी फिरती दारं होती सात. बाहेर गर्दी तुंबली. सामना सुरू व्हायला आठ मिनिटं असताना पोलिसांनी बाहेर पडण्याचं एक मोठं फाटक उघडलं. आत शिरलेल्यांच्या समोर एक उतरता बोगदा होता आणि तो थेट मधल्या दोन कोंडवाड्यांत जात होता. ते आधीच तुडुंब भरलेले होते, बाजूच्या कोंडवाड्यांत मोकळी जागा होती, पण बोगद्याच्या तोंडाशी माणसं वळवायला कुणी नव्हतं. पुढे मैदानाच्या कडेला उंच जाळी. एक आडवा लोखंडी कठडा मोडला आणि माणसं एकमेकांवर कोसळली. त्या दिवसाने अखेरीस ९७ जीव घेतले. दारू प्यालेल्या समर्थकांनीच हे घडवलं, ही थाप पोलिसांनी पसरवली आणि एका खपाऊ वर्तमानपत्राने पहिल्या पानावर छापली. ती खोटी ठरवायला स्वतंत्र समितीचं २०१२ साल आणि ज्युरीचा २०१६ चा निकाल उजाडावा लागला.

यात उभं राहण्याचा दोष कुठे होता? मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या जिन्यावर सप्टेंबर २०१७ मध्ये २३ माणसं चेंगरून गेली, तेव्हा लोकलमध्ये उभ्याने प्रवास बंद करा असं कुणी म्हटलं नाही. नवा पूल बांधा म्हटलं, आणि लष्कराकडून तो बांधून घेतला. हिल्सबरोची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती टेलर यांनाही हे कळत होतं. त्यांच्या अंतरिम अहवालाने मुख्य ठपका पोलिसांच्या नियंत्रणावर ठेवला. जानेवारी १९९० च्या अंतिम अहवालात, उभ्याची जागा मुळातच धोक्याची असते असं नाही, हेही त्यांनी मान्य केलं. तरीही सुरक्षेची सर्वांत जास्त हमी खुर्च्यांत आहे, म्हणून मोठी मैदानं पूर्ण खुर्च्यांची करा, ही त्यांची शिफारस होती. त्याच अहवालात आणखी एक सूचना आहे, तिची आठवण क्लबांच्या गादीवर बसलेल्यांना सहसा होत नाही. सध्या उभे राहणाऱ्यांच्या खिशाला परवडेल अशीच स्वस्त खुर्ची ठेवता येईल, असं सांगून टेलर यांनी आयब्रॉक्सचा दाखला दिला होता: तिथे उभ्याला चार पौंड, खुर्चीला सहा.

नव्वदच्या दशकात या अहवालाचा पहिला अर्धा भाग काटेकोरपणे अमलात आला आणि दुसरा गुंडाळून ठेवला गेला. बांधकामाला सरकारने हात दिला. अर्थमंत्री जॉन मेजर यांनी १९९० च्या अर्थसंकल्पात फुटबॉलच्या ‘पूल्स’ सट्ट्यावरचा कर अडीच टक्क्यांनी उतरवून पाच वर्षांत सुमारे १० कोटी पौंड मैदानांकडे वळवले. १९९२ मध्ये प्रीमिअर लीग निघाली आणि दूरचित्रवाणीचा ३० कोटींवर पौंडांचा पहिला करार झाला. म्हणजे जनतेच्या वाट्याचा कर मिळाला, टीव्हीचा पैसा मिळाला, आणि तरी पहिला हात प्रेक्षकाच्याच खिशात गेला. वेस्ट हॅम आणि आर्सेनल यांनी तर नव्या जागेसाठी आधी रोखे विकत घ्या असं सांगितलं. वेस्ट हॅमचे पाठीराखे त्यावर मैदानात उतरले. आर्सेनलचा नॉर्थ बँक हा उभ्याचा स्टँड पाडला, लिव्हरपूलच्या कोप या स्टँडवर ३० एप्रिल १९९४ ला नॉर्विचविरुद्ध शेवटचे उभे प्रेक्षक जमले. (सामना लिव्हरपूलने ०-१ असा गमावला, निरोप कसा नसावा याचा तो नमुनाच.) १९२८ मध्ये छप्पर घातलं तेव्हा या कोपवर सुमारे २८ हजार माणसं मावत, नव्या कोपमध्ये खुर्च्या आल्या बारा हजारांच्या आसपास. जागा निम्म्याहून कमी झाल्या, मागणी टीव्हीमुळे वाढली. मग दराचं काय होणार, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

उभ्याच्या पायऱ्यांवर जागेला नंबर नसे. कारखान्यातले चौघे, शाळेतली पोरं, गल्लीतले शेजारी आयत्या वेळी येऊन एकत्र उभे राहात. घोषणा अशा जथ्यातून उठते आणि पसरते. नंबराच्या खुर्चीने हे जथे मोडले, आणि महिनोन् महिने आधी काढायच्या महाग तिकिटाने तरुण पोरं बाहेर ठेवली. वय वाढलेल्या, खिसा भरलेल्या, एकेकट्या प्रेक्षकाकडून गर्जनेची अपेक्षा करणं म्हणजे वरातीतल्या मुलांना घरी पाठवून भटजींना नाचायला सांगण्यासारखं. नोव्हेंबर २००० मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या कप्तानाने, रॉय कीनने, कोळंबीची सँडविच खाणाऱ्या प्रेक्षकांवर तोफ डागली. त्याच्याच मैदानावरचे प्रेक्षक होते ते!

यावर पहिला आक्षेप घेतला जातो तो असा, की जुन्या पायऱ्यांचे गोडवे गाणारे तिथली घाण विसरतात. खरं आहे. स्वच्छतागृहांची दैना होती, बायकांना तिथे सहज वावरता येत नव्हतं, आणि १९८८ मध्ये गुडिसन पार्कवर कृष्णवर्णीय खेळाडू जॉन बार्न्सच्या पायाशी केळं पडलं होतं. मैदानं आज अधिक माणुसकीची आहेत, हे नाकारण्याचं कारण नाही. पण हे श्रेय खुर्चीचं नाही. वंशद्वेषी घोषणाबाजी आणि मैदानात घुसणं हे गुन्हे ठरवणारा कायदा १९९१ मध्ये आला. कॅमेरे आले, प्रशिक्षित स्वयंसेवक आले, जाळ्या गेल्या. उलट जुलै २०२१ मध्ये युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्याला पूर्ण खुर्च्यांच्या वेम्बलीत बिनतिकिटाचे लोंढे दारं फोडून शिरले. जीव जाता जाता राहिले, असं नंतरच्या चौकशीत निघालं. खुर्च्या होत्या, दारावरची व्यवस्था नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे: हिल्सबरोत मुलं गमावलेल्या आईबापांना काय वाटेल? त्यांच्यातल्या अनेकांनी वर्षानुवर्षं उभ्याला विरोध केला, आणि त्या विरोधापुढे वाद घालण्याचा अधिकार इतरांना कमीच. पण २०१७ मध्ये लिव्हरपूलच्याच पाठीराख्यांच्या ‘स्पिरिट ऑफ शँकली’ या संघटनेने मतदान घेतलं, तेव्हा ८८ टक्के मतं उभं राहता येईल अशा कठड्याच्या खुर्च्यांच्या बाजूने पडली. सरकारच्या विरोधाला मात्र अशी कुठलीच जखम नव्हती. १९९२ मध्ये त्याच सरकारने खालच्या दोन श्रेणींना उभ्याची सूट दिली. फुलहॅम वर चढला आणि २००१-०२ चा अख्खा हंगाम प्रीमिअर लीगमध्ये उभ्याच्या पायऱ्यांसह खेळला. शनिवारी जी पायरी तिसऱ्या श्रेणीत सुरक्षित, ती पहिल्या श्रेणीत जीवघेणी कशी, याचं उत्तर कुणी दिलं नाही. २०१८ मध्ये वेस्ट ब्रॉमचा कठड्याच्या खुर्च्या बसवायचा अर्ज फेटाळताना क्रीडामंत्र्यांनी ही मूठभर आरडाओरडा करणाऱ्यांची मागणी ठरवली. तोवर हजारो लोक दर आठवड्याला गुडघाभर उंचीच्या खुर्च्यांसमोर उभेच राहात होते, धरायला काही नसताना.

आता धरायला कठडा आहे. प्रत्येक ओळीत कमरेएवढा गज, खुर्ची दुमडून ठेवायची सोय, आणि एका खुर्चीच्या जागी एकच माणूस. चेंगराचेंगरी होऊ नये यासाठी ही रचना उत्तम आहे. पण तिच्यामुळे एकही जागा वाढत नाही, तेव्हा दर उतरायचंही कारण उरत नाही. डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडवर सुमारे २५ हजार माणसं उभी राहतात ती दाटीने, आणि इंग्लंडच्या तुलनेत किरकोळ दरात. कारण जर्मनीत क्लबच्या मतांची बहुसंख्या सदस्यांच्या हातात ठेवायचा नियम आहे. खेळाडूंचे पगार भागवायला महाग तिकीट लागतंच, हा तिसरा आक्षेप लीगच्या टीव्ही करारांचे आकडे पाहिले की टिकत नाही. आवाजाची किंमत टीव्हीवाल्यांना तर चांगलीच कळते: २०२० मध्ये रिकाम्या मैदानांवरचे सामने दाखवताना त्यांनी व्हिडिओ गेमसाठी साठवलेला प्रेक्षकांचा गलका वर चढवला. पुण्यात किंवा मडगावात पैसे भरून रात्री सामना पाहणाराही त्या गलक्याचाच गिऱ्हाईक आहे, आणि तो गलका करणाऱ्याला आत घ्यायला त्याचे पैसे पुरून उरतात.

फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्डवर सर्वांत महाग जागा ७७ पौंडांची करायचं ठरलं, तेव्हा संघ आघाडीवर असताना ७७ व्या मिनिटाला सुमारे दहा हजार माणसं उठून गेली. सामना २-२ असा सुटला आणि काही दिवसांत मालकांनी माघार घेतली. ७७ हा सर्वांत महाग आणि टेलरचे सहा हे साधे, म्हणून तुलना अगदी काटेकोर नाही. पण महागाई धरूनही ते सहा तेव्हा पंधराच्या पुढे जात नव्हते. त्याच वर्षी क्लबांनी पाहुण्या पाठीराख्यांच्या तिकिटाला ३० पौंडांची मर्यादा स्वतःहून घातली. तीच मर्यादा घरच्या मैदानावरच्या उभ्याच्या स्टँडला लावायला संसदेत जावं लागत नाही, नवा अहवाल लागत नाही. वीस क्लबांनी एका बैठकीत ठरवायचं आहे.