निराधारांची मोजदाद

आपण निराधार आहोत, हे माणसाने स्वतः सांगून भागत नाही. ते दुसऱ्या कोणीतरी लिहून द्यावे लागते. १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाल्यापासून सातारा व सांगली जिल्ह्यांतील असंख्य वृद्ध, विधवा व अपंग हा अनुभव घेत आले आहेत. योजनेचा हेतू निःसंशय चांगला आहे. प्रश्न आहे तो गरज ठरविण्याच्या रीतीचा.

कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न सर्वसाधारणपणे २१ हजार रुपयांच्या आत असावे, अशी अट आहे. म्हणजे महिन्याला साडेसतराशे रुपये! घरातील एक माणूस जरी नियमित मजुरीला जात असेल तरी हा आकडा ओलांडला जातो. मग दाखला देणाऱ्या तलाठ्याने (त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणावयाचे) करावे काय? खरे लिहावे तर म्हातारीचा अर्ज बाद होतो. अटीत बसेल असे लिहावे तर सरकारी कागदावर असत्य लिहिल्याचा दोष पदरी येतो. त्याला दोष देणे सोपे आहे. पण तो जे लिहितो ते सारा गाव जाणून असतो. अर्जदारालाही आपले दैन्य आहे त्याहून गडद करून सांगण्याची सवय लागते. ज्याने आयुष्यभर कोणापुढे हात पसरला नाही, त्याला ही सवय फार जड जाते.

या भागातील कुटुंबांची घडणही ध्यानात घ्यावी लागेल. खानापूर-आटपाडीकडील तरुण गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेले; माण-खटावकडील मुंबईत पोट भरणारे. कागदावर कर्ता मुलगा आहे. रात्री उठून पाणी द्यावयास मात्र कोणी नाही. उत्पन्नाच्या रकान्यात हा अभाव मावत नाही.

अपंगत्वाचीही तीच कथा. निदान ४० टक्के अपंगत्व हवे. जतच्या पूर्वेकडील खेड्यातून सांगली-मिरजेस जावयाचे म्हणजे सोबत्याची मजुरी बुडाली. तेथे डॉक्टर गुडघा किती वाकतो ते पाहतात. त्यांच्याकडे तेवढेच काम सोपविलेले आहे. पण हा माणूस शौचास कसा जातो, त्याला आंघोळ कोण घालते, हे विचारण्याची जबाबदारी कोणाचीच नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील ३८ व्या कलमाने अधिक आधाराची गरज असलेल्यांनी अर्ज करावा, मंडळाने त्यांची गरज तपासावी, अशी तरतूद केली आहे. टक्केवारी आणि गरज या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे कायद्याने तरी मान्य केले म्हणावयाचे. इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्याने शुश्रूषा करणाऱ्या नातलगाच्या गरजेचीही स्वतंत्र तपासणी बंधनकारक केली. आपल्याकडे ती शुश्रूषा करणारी बहुधा सून असते, आणि अर्जात तिच्यासाठी ओळसुद्धा नाही.

दरवर्षी आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावयाचा, हे आणखी निराळेच.

गावची आशा सेविका घरोघर जाते. कोण अंथरुणाला खिळले आहे आणि त्याचे कोण करते, हे तिला ठाऊक असते. तालुका समितीने अर्जासोबत तिचे टिपण मागवावे, आणि त्या कामाचा वेगळा मोबदला तिला द्यावा. उत्पन्नाच्या दाखल्याहून ते टिपण अधिक खरे असेल.